राळ्याची फोलपटं

“पाणी म्हणा, की मिळालंच पाणी,” असं माझा भाऊ बाबांना सांगत होता तेव्हा माझा एक पाय चपलेत होता आणि एक बाहेर. दार उघडल्याचा आवाज त्याला ऐकू गेला नव्हता. शनिवारी मी संध्याकाळी साडेसहाच्या आत घरी येत नाही. पण आमच्या दातांच्या लॅबमधला कॉम्प्रेसर सकाळीच बसला, हवेच्या दाबाशिवाय कवळ्यांचं पुढचं काम होत नाही, तेव्हा मालकाने दुपारी एकलाच सगळ्यांना घरी धाडलं. म्हणून मला ते दिसलं. नाहीतर दिसलंच नसतं. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते, उजवा हात उशीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा, तोंडाचा उजवा कोपरा जरासा ओघळलेला. समोर टेबल, टेबलापलीकडे स्टुलावर भाऊ, आणि त्याच्या हातात पाण्याने भरलेला काचेचा ग्लास. बाबांचा डावा हात पुढे आला की ग्लास तेवढाच मागे जायचा. “अंहं. आधी शब्द. ओठ मिटा. पा… पा…” बाबांचे ओठ मिटले, सुटले, त्यातून नुसतीच हवा आली. “छान! पण हे पाणी नाही झालं हं. पुन्हा.” पलीकडे पिंजऱ्यात आमचे गुरुजी अंग फुगवून दांडीवर बसले होते आणि एका डोळ्याने तेही ग्लासाकडेच बघत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावं, तो ग्लास हिसकून घ्यावा आणि भावाच्या डोक्यावर ओतावा, असं वाटलं. पण मी हलले नाही, आणि याचाच मला पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला. हात चपलेच्या पट्ट्यावर, पाठ दाराला. कारण त्या खोलीत जो अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला दिसला तो ग्लास आधी एका सात वर्षांच्या मुलीने पाहिलेला होता. तसाच काचेचा, तसाच काठोकाठ भरलेला, आणि वर धरणारा हात तेव्हा बाबांचा होता.

भाऊ वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मी पुढे जे बोलणार आहे त्यावरून तुम्हाला वाटेल, की हिने डूख धरलाय. तो दर शनिवारी शहराच्या दुसऱ्या टोकावरून दोन बस बदलून येतो, म्हणून बाबांना सांभाळणाऱ्या मावशींना आठवड्यातून एक सुट्टी मिळते. पण आठवड्याचे सहा दिवस उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि सातव्या दिवशी उंटासकट हॉलमध्ये यायचं, असा त्याचा खाक्या. तो फोनवर काहीतरी बघतो, त्यातलं अर्धं त्याच्या डोक्यात शिरतं, आणि त्या अर्ध्याच्या जोरावर तो आम्हाला शहाणं करून सोडतो. पाच महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला आणि उजवी बाजू गेली, त्याबरोबर वाचाही गेली. बोलण्याचा सराव घ्यायला ज्या बाई येतात त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, “लगेच हातात देऊ नका. दहा आकडे मोजा, त्यांना प्रयत्न करू द्या. आणि मग द्या.” यातलं ‘लगेच देऊ नका’ एवढंच माझ्या भावाला ऐकू आलं. ‘आणि मग द्या’ हे त्याच्या कानावरून गेलं. लहानपणी घरात त्याला रेडिओ म्हणायचे. दीड वर्षाचा असताना वाक्यं बोलायचा. रेडिओ ऐकत कधी नाही.

गुरुजीही त्याचेच. बाबांना झटका येऊन दोन महिने झाले आणि एका शनिवारी तो एक गोल, घुमटाचा, सोनेरी मुलाम्याचा पिंजरा काखेत मारून आला. आत हिरवा-पिवळा पक्षी, भीतीने इतका बारीक झालेला की नुसती शेपटीच दिसत होती. “लव्हबर्ड आहे. बोलतो. रोज शब्द ऐकून ऐकून बाबाही बोलतील. नाव ठेवलंय गुरुजी.” तो लव्हबर्ड नव्हता, साधा बजरीगर होता, पण दुकानदारापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्याला लव्हबर्डच म्हणतात, तेव्हा मी कुणाकुणाशी भांडू? त्या पिंजऱ्याशी मात्र भांडले. गोल पिंजऱ्यात पक्ष्याला कोपरा नसतो. कोपरा नसला की पाठ टेकायला जागा नसते, आणि चारी बाजूंनी कुणीही येऊ शकतं हे ज्याला सतत माहीत असतं तो कसला स्वस्थ बसतोय. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन तो देऊन आले आणि उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेला चौकोनी पिंजरा आणला, म्हणजे इकडून तिकडे उडता येईल. एक बाजू भिंतीला लावली. स्वयंपाकघरात ठेवायचा नाही, कारण न चिकटणारा तवा फार तापला की त्याच्या वाफेने हे पक्षी पटकन मरतात. प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढून झाडाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या बसवल्या, नाहीतर पावलांना घट्टे पडतात. समुद्रफेसाचा एक पांढरा तुकडा चोच घासायला तारेने अडकवला. लॅबमधली चिमटी, लॅबमधली तार. माझे हात अशा कामांना चांगले आहेत. आणि हे सगळं करताना मला भावाचा राग येत होता, दुकानदाराचा येत होता, आणि तीन आठवड्यांनी चोचीवरचा नाकपुड्यांभोवतीचा मांसल भाग निळा व्हायच्या ऐवजी तपकिरी झाला, म्हणजे गुरुजी मादी निघाले आणि मादी सहसा बोलत नाही, तेव्हा मला एकटीलाच स्वयंपाकघरात उभ्याने हसू आलं. शिकवणीला मास्तर आणला तोही मुका. नाव मात्र गुरुजीच राहिलं. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, “दुकानदाराने गॅरंटी दिलीय.”

मग खाण्याचं. पहिल्या आठवड्यात मी संध्याकाळी घरी आले तर गुरुजी पिंजऱ्याच्या तळाशी बसलेले, डोळे अर्धे मिटलेले. भावाला फोन केला. तो म्हणाला, “भांडं तर भरलेलं होतं ना? मी शनिवारी नीट बघून आलोय.” भांडं भरलेलंच होतं. पण हे पक्षी राळ्याचा दाणा चोचीत फिरवतात, सोलतात, आतलं खातात आणि फोलपट परत त्याच भांड्यात टाकतात. दोन दिवसांत वरती फोलपटांचा थर, खाली एक दाणा नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं काय सुकाळ आहे! हलकेच फुंकर मारली की कळतं. मी फुंकर मारली आणि भांड्याचा तळ दिसला. त्या दिवसापासून रोज सकाळी फुंकर मारायची, नवा राळा आणि थोडी बाजरी घालायची, पाणी बदलायचं, एखादं कोथिंबिरीचं पान जाळीला खोचायचं, हा नेम झाला. राळ्याची बरणी बाबांच्या खुर्चीशेजारच्या फळीवर ठेवली, कारण पिंजरा तिथेच होता. सरावाच्या बाई म्हणाल्या, “बरं झालं, डाव्या हाताने बरणी उघडायला शिकतील.” बाबांनी त्यांच्यासमोर एकदाही बरणीला हात लावला नाही. त्यांना लोकांसमोर चुकलेलं आवडत नाही, कधीच आवडत नव्हतं.

आणि मग माणसाळवण्याचं. हे सांगताना मला लाज वाटते, तरी सांगते. मला तो पक्षी माझ्या बोटावर यायला हवा होता. का, ते विचारू नका. दिवसभर मी प्लास्टरच्या जबड्यांमध्ये बसते, घरी आले की न बोलणारे बाबा, आणि या सगळ्यात कुणीतरी आपण होऊन माझ्याकडे यावं, एवढंच. सुरुवातीला नुसता हात आत धरून बसायची. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. गुरुजी पलीकडच्या कोपऱ्यात. मी पुन्हा त्या दुकानात गेले तेव्हा दुकानदार दात कोरत म्हणाला, “ताई, भांडं आत ठेवलंत तर तो तुमच्याकडे कशाला येईल? सकाळी भांडं काढायचं, संध्याकाळी लावायचं. मधे फक्त हातावर. भुकेने सगळे माणसाळतात.” मला ते पटलं. इतकं चटकन पटलं की त्यातच काहीतरी खोट आहे हे तेव्हाच कळायला हवं होतं. सहा आठवडे मी सकाळी भांडं काढत होते. नऊला लॅबला निघेपर्यंत तळहातावर राळा घेऊन पिंजऱ्यात हात घालून बसायची आणि म्हणायची, “ये. ये म्हणजे मिळेल.” ती बया ढुंकून बघायची नाही. मी जाताना भांडं तसंच बाहेर. अति व्हायला नको म्हणून लॅबमधला ग्रॅमचा छोटा काटा घरी आणून आठवड्याला वजन करत होते: पस्तीस ग्रॅम, पस्तीस, छत्तीस. दिवसभर उपाशी आणि वजन वाढतंय! मला तो अपमान वाटला. मावशी एकदा म्हणाल्याही, “बाई, तुमचा पक्षी जेवून वर सुपारी खाल्ल्यासारखा दिसतो.” मी म्हटलं, हट्टी आहे, दुसरं काय. कपडे धुताना बाबांच्या सदऱ्याच्या खिशात मूठभर फोलपटं निघाली, तर मी मनात म्हटलं, पंख फडफडवून सगळीकडे उडवते ही. माणसाला जे बघायचं नसतं ते त्याच्या खिशात सापडलं तरी दिसत नाही.

तर मी दाराशी उभी होते. भाऊ म्हणत होता, “ओठ मिटा, बाबा,” आणि मला बाबांचा आवाज ऐकू येत होता, चाळीस वर्षांपूर्वीचा, खर्जातला, एकेक अक्षर सुटं. बाबा बसस्थानकावर निवेदक होते. फलाट, गावं, वेळा. अख्ख्या शहराला तो आवाज ओळखीचा होता. लोक घड्याळं लावायचे त्या आवाजावर. आणि या माणसाच्या घरी पहिली मुलगी झाली ती तोतरी. ‘प’वर अडायची, ‘क’वर अडायची. जेवायला बसलो की पाण्याचा तांब्या आणि ग्लास बाबांच्या उजव्या हाताशी. मला तहान लागायची. मी ‘प’ म्हणायची आणि तिथेच थांबायची. ‘प’, ‘प’, ‘प’, जसं दार कुणीतरी आतून धरून ठेवलंय आणि मी बाहेरून ढकलतेय. बाबा ग्लास भरायचे आणि वर धरायचे. “नीट बोल, म्हणजे मिळेल. सगळं शहर माझं ऐकतं आणि माझ्या घरात हे?” ते ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त थांबायचे, आणि त्यांच्या थांबण्यात माझ्या तोंडातली सगळी ओल आटून जायची, आणि कोरड्या तोंडाने ‘प’ तर आणखीच येत नाही. शेवटी ते ग्लास स्वतः पिऊन टाकायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे बुक्के नव्हते. पलीकडे माझा भाऊ, तेव्हा दोन-तीन वर्षांचा, “पाणी पाणी पाणी” अशी गाडी सोडायचा आणि त्याला मिळायचं. तो हसायचा. त्याचा काय दोष! पण माझा तरी काय होता?

आई रोज माझ्या खाटेखाली एक ग्लास ठेवायची, त्यावर बशी झाकलेली. कधी त्याबद्दल बोलली नाही. ती बाबांना अडवू शकली नाही, याबद्दल मी तिला आता दोष देत नाही. तेव्हा देत होते. आई जाऊन अकरा वर्षं झाली. मी ती बशी अजून ठेवलीय. पुढे माझं तोतरेपण ‘गेलं’. सगळे म्हणाले, बाबांच्या शिस्तीने गेलं. गेलंबिलं काही नाही. मी फक्त वाट बदलायला शिकले. अडणारा शब्द दुरून येताना दिसला की दुसऱ्या गल्लीत शिरायचं. पाणी म्हणायचं नाही. ‘तहान लागलीय’ म्हणायचं. कात्री म्हणायची नाही. ‘ते देता का जरा’ म्हणायचं. चाळीस वर्षं मी पाहुण्याच्या घरी, दवाखान्यात, हॉटेलात ‘तहान लागलीय’ म्हणत आलेय, आणि लोकांना वाटतं, किती गोड बोलते ही. कामही असं निवडलं की जिथे तोंडं बोलत नाहीत. माझ्या टेबलावर जबडे येतात ते प्लास्टरचे, चिठ्ठीवर रंगाचा नंबर, वरची कवळी की खालची. मी मेणात एकेक दात बसवते, चावण्याची रेघ जुळवते. मी बसवलेल्या दातांनी शेकडो लोक ‘प’ म्हणत असतील. एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने डॉक्टरांकडून निरोप पाठवला होता, की या कवळीने शब्द स्वच्छ येतात. मी तो निरोप कुणालाच सांगितला नाही.

“अगं ताई! तू कधी आलीस?” भावाने मान वळवली आणि त्याला मी दिसले. चेहरा फुललेला. “बघ, बघ, सकाळी ‘प’ आला होता! नुसता ‘प’, पण आला. आज सोडत नाही.”

“दे त्यांना.” मी चप्पल काढली, कारण चप्पल घालून भांडायला मला सुचत नाही.

“थांब ग, दोन मिनिटं. गरज असल्याशिवाय शब्द येत नाही, तिथे सांगत होते…”

“फोनवर ना? सकाळपासून घोटभर तरी दिलंस?”

“नाश्त्याबरोबर दिलं की. मी काय उपाशी मारतोय का? तुझ्या त्या पक्ष्याचं तू नाही का भांडं काढून ठेवत? स्वतःच सांगत होतीस, भुकेने माणसाळतात म्हणून.”

नेमकं त्याच वेळी त्याचा फोन वाजला, आणि तो “हं, बोला साहेब” म्हणत उठून बाल्कनीत गेला. ग्लास हातात घेऊनच गेला! विसरला. कठड्यावर ग्लास ठेवून कुठल्याशा बिलाबद्दल मोठमोठ्याने समजावू लागला. मी तिथेच उभी. त्याने जे म्हटलं ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला त्याचा दुप्पट राग आला. चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणायला गेले तर चोर कोण हेच मला ठरवता येईना. मी पक्ष्यासाठी केलं, तो माणसासाठी करतोय. मी हट्टाने केलं, तो प्रेमाने. बाबांनी कशाने केलं होतं? तेही प्रेमानेच, असं आई म्हणायची. या प्रेमाला कुणीतरी एकदा जाब विचारायला हवा. सगळ्यांचे हात वर, सगळ्यांच्या हातात ग्लास, आणि सगळे म्हणतात तुझ्या भल्यासाठी.

तेवढ्यात बरणीचा आवाज झाला. मी बाबांच्या डाव्या अंगाला, जरा मागे होते; त्यांना वाटलं असावं, मीही भावाबरोबर बाल्कनीत गेलेय. त्यांनी फळीवरची बरणी ओढून दोन गुडघ्यांत धरली, डाव्या हाताने झाकण फिरवलं, इतक्या सराईतपणे की ते पहिल्यांदा फिरवत नव्हते हे आंधळ्यालाही कळलं असतं. चिमूटभर राळा काढला. थोडा सदऱ्याच्या खिशात टाकला, पुढच्या वेळेसाठी, आणि उरलेला तळहातावर घेऊन हात जाळीपाशी नेला. चौकोनी पिंजऱ्याचं पुढचं दार त्यांनी अंगठ्याने वर सरकवलं आणि हात आत घातला. गुरुजी दांडीवरून एक, दोन, तीन फांद्या उतरून आले, मान तिरकी केली, आणि बाबांच्या मनगटावर चढले. मनगटावर! राळा घेतलेल्या माझ्या हातापासून सहा आठवडे लांब पळणारी ती बया बाबांच्या तळहातात चोच घालून खात होती, टरटर दाणे सोलत होती, आणि फोलपटं त्यांच्या सदऱ्यावर उडत होती. बाबा काही मागत नव्हते. ‘ये’ म्हणत नव्हते, कारण म्हणता येत नव्हतं. नुसते बसले होते, हात जड होऊन थरथरत होता तरी खाली घेत नव्हते, आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने हसत होते.

एखाद्या चांगल्या बाईला हे बघून गहिवरून आलं असतं. मला संताप आला. आतड्यापासून वर येणारा, डोळ्यांत पाणी आणणारा संताप. म्हणजे यांना येत होतं! न मागता द्यायला येत होतं. हात पुढे करून, तोंड मिटून, वाट बघत बसायला येत होतं. मग ते माझ्या वेळी कुठे होतं? पस्तीस ग्रॅमच्या पाखराला उपाशी ठेवलेलं यांना बघवेना, मी लॅबला गेले की खिशातून खाऊ घालत होते, आणि मी? मी त्यांची मुलगी होते. मला रोज रात्री खाटेखालचा ग्लास चाचपडत पाणी प्यावं लागलं. वाचा गेली तेव्हा माया फुटली. वाचा असताना काय झालं होतं?

“बरं, कुठे होतो आपण?” भाऊ बाल्कनीतून आत आला, फोन खिशात, ग्लास परत हातात. गुरुजी दचकून फांदीवर उडाले, बाबांनी हात झटकन पिंजऱ्याबाहेर घेतला आणि बरणी मांडीखाली दडवायला बघितली. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस चोरी सापडल्यासारखा माझ्याकडे बघू लागला. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, कोपऱ्यात सुकलेली रेघ. भाऊ स्टुलावर बसला, ग्लास वर धरला. “हं. पा…”

“बस झालं!” मी टेबलाशी येऊन ओरडले. “आधी त्यांना प…”

आणि अडले. रागात वाट बदलायला विसरले होते; सरळ त्या शब्दावर जाऊन आपटले. “प… प…” माझी मान एका बाजूला ओढली गेली, डोळे मिटले, ओठ एकमेकांवर चिकटून बसले. चाळीस वर्षांनी. घरात, दुपारी, दोघांसमोर. “प… प…”

“अगं, घाई काय आहे,” भाऊ म्हणाला. थट्टेने नाही, अगदी सहज, जसं आपण घरातलं एखादं जुनं वाक्य कुणाचं आहे ते न आठवता वापरतो तसं. “नीट बोल ना, ताई.”

बाबांचा डावा हात टेबलावर आपटला. इतक्या जोरात की फळी हादरली, मांडीखालची बरणी फरशीवर लोळली आणि राळा सगळीकडे पसरला. गुरुजी पिंजऱ्यात फडफडत वर गेले. भाऊ अर्धवट उठला. “काय झालं बाबा? काय हवंय?” बाबांनी हात पुढे केला, ग्लासाकडे, आणि या वेळी भावाच्या हातून तो मागे घेतला गेला नाही. “अरे वा! मागितलं! शब्द नाही, पण मागितलं…” त्याने ग्लास त्यांच्या हातात दिला. मी बघत होते. मला वाटलं, आता पितील. नाश्त्याला चार तास झाले होते, उन्हाळ्याची दुपार होती. बाबांनी ग्लास टेबलावर ठेवला. मग त्या एका हाताने, बोटांच्या मागच्या बाजूने, ढकलत ढकलत, निम्म्याहून अधिक पाणी सांडत, तो टेबलाच्या पार या कडेपर्यंत आणला. माझ्यापुढे. आणि हात मागे घेऊन बसले.

भाऊ एकदा ग्लासाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. त्याला काही आठवत नव्हतं, त्याला आठवण्यासारखं काही नव्हतंच. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ मिटले, सुटले. काही आलं नाही. आणि मी तिथे उभी राहून, त्या ग्लासाला हात न लावता, मनात त्यांना म्हणत होते: म्हणा. आधी म्हणा. चुकलं म्हणा, म्हणजे पिते. एवढा एक शब्द. नीट बोला, मग घेते तुमचं पाणी. किती वेळ असं म्हणत होते कोण जाणे. बाबांच्या कपाळावर घाम आला होता, ओठ अजून ‘च’साठी की कशासाठी तरी धडपडत होते, आणि अचानक मला माझंच ऐकू आलं. मी ग्लास वर धरला होता. हातात नव्हता, तरी मीच वर धरला होता.

मी ग्लास उचलला आणि दोन घोट प्यायले. पाणी कोमट होतं, बाल्कनीच्या कठड्यावर तापलेलं. उरलेलं बाबांच्या तोंडाला लावलं, हनुवटीखाली माझा दुसरा हात धरला. ते घटाघटा प्यायले, उजव्या कोपऱ्यातून गळत होतं ते मी पुसलं नाही. माझा राग गेला नव्हता. तो अजूनही गेलेला नाही, आणि तो मी कुणाच्या सांगण्यावरून सोडणारही नाही. तो माझा आहे, मी तो कोरड्या घशाने कमावलाय. “आणखी आण,” मी भावाला म्हटलं, “जग भरून आण,” आणि तो मुकाट्याने उठला. रेडिओ पहिल्यांदा बंद झाला.

मग मी खाली बसून फरशीवरचा राळा गोळा केला. स्वयंपाकघरातून गुरुजींचं भांडं आणलं, त्यातली फोलपटं फुंकून टाकली, काठोकाठ दाणे भरले आणि पिंजऱ्यात लावलं. हात लगेच बाहेर काढला नाही, थोडा वेळ तसाच ठेवला, रिकामा. गुरुजी उतरून आले, माझ्या हाताला वळसा घालून गेले आणि भांड्यावर बसून खायला लागले.